आळीच्या वळणापर्यंत

कोंडाजी तांबटांची तिरडी निघाली तेव्हा आळीतले ठोके चांगलेच रंगात आले होते. चैत्राचा महिना, गंगेवर यात्रेकरूंची रीघ, आणि आलेल्या प्रत्येकाला गंगेचं पाणी घरी न्यायला तांब्याचा गडू हवा. त्यामुळे नाशकाच्या तांबट आळीत पहाटेपासूनच हातोड्या चालू असत. त्या आवाजात आळीतली तान्ही पोरं सुखानं झोपत आणि बाहेरगावचे पाहुणेरावळे कानात बोटं घालून बसत.

आळीची एक रीत होती. कारागिराची तिरडी उचलली, की ठोके थांबायचे. हातोडी खाली ठेवायची, दारात येऊन उभं राहायचं, आणि तिरडी लंकाबाईंच्या पाणपोईशी वळण घेऊन दिसेनाशी होईपर्यंत कामाला हात लावायचा नाही. मग गिऱ्हाईक दाराशी खोळंबलेलं असो, नाहीतर भट्टीत पत्रा लाल झालेला असो. ही रीत कुणी घालून दिली ते कुणाला ठाऊक नव्हतं. ती कुणी मोडल्याचंही आठवत नव्हतं.

बायका तिरडीमागे गंगेवर जात नसत. कोंडाजींची मुलगी द्वारका ओट्यावर खांबाला धरून उभी होती. रडून रडून डोळ्यांना धड दिसत नव्हतं, म्हणून ती ऐकत होती. शेजारच्या बंबवाल्यांचे ठोके थांबले. मग समोरचे. मग पलीकडे घंगाळं घडवणाऱ्या भावांचे. एकेक आवाज गळत गेला, आणि शेवटी एकच उरला. तो खंडेराव शेटच्या कारखान्यातला होता. आबांनी मिसरूड फुटायच्या आधी जिथे पहिली हातोडी धरली आणि केस पांढरे केले, त्याच कारखान्यातला.

तिरडी दाराशी आली की थांबतील, असं तिला वाटलं. तिरडी दाराशी आली. दार ओलांडून पुढे गेली. ठोके थांबले नाहीत. उलट ते जास्तच घाईचे, जास्तच जोराचे झाले, जणू आत सगळे जण एकाच घंगाळावर तुटून पडले होते. खांदेकऱ्यांपैकी एकानं मान वळवून पाहिलं, एवढं तिला दिसलं. रडत बसलेली कुसाआत्यासुद्धा रडायची थांबली आणि म्हणाली, "अगं, हे कुणाचे ठोके?"

द्वारकेला कळलं होतं. त्या घटकेपासून तिच्या मनात एकच गोष्ट होती: आबांना त्यांच्या स्वतःच्या माणसांनी नाकारलेली ती शांतता तिला परत हवी होती.

---

का नाकारली, हेही ती जाणून होती. निदान तिला तसं वाटत होतं.

थोरले शेट, खंडेरावाचे वडील, होते तोवर बुधवारच्या बाजाराआधी, दुपारी, सगळ्यांची मजुरी एका घंगाळात घालून ऐरणीवर ठेवली जाई. शेट स्वतः कुणाच्या हातावर पैसा ठेवत नसत. तो मान मिस्तरींचा. कोंडाजी मिस्तरी एकेकाला नावानं बोलवत, सगळ्यांदेखत मोजून देत आणि स्वतःचं शेवटी घेत. कुणाला किती आणि का, हे सगळ्यांना तोंडपाठ. त्यावरून भांडणंही जोरदार होत. "नाथाच्या कळशीला पोक आलंय, त्याला माझ्याएवढे कशाला?" असं कुणी म्हणे. "तुझ्या पाठीला आलंय त्याचं काय?" असं नाथा म्हणे. मग सगळे हसत, किटली येई, आणि भांडण चहात बुडून जाई.

थोरले शेट गेले. खंडेराव मुंबईला एका पेढीत चार वर्षं काढून आला होता. माणूस वाईट नव्हता. गड्यांना 'अरे' म्हणत नसे, उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे लावून देई. त्यानं घंगाळ बंद केलं आणि कागदी पाकिटं आणली. आता दर बुधवारी एकेकानं जिना चढून वर कचेरीत जायचं, पाकीट घ्यायचं आणि खाली यायचं.

पहिल्या बुधवारी आबा वर गेले आणि खाली आले. जन्मभराची सवय. त्यांनी पाकीट फाडलं, ऐरणीवर ओतलं आणि म्हणाले, "शेटनं मला वाढवून दिलेत. तुम्हाला किती?"

ज्याचं त्याचं पाकीट कनवटीला गेलं.

हे सगळं आबांनी तिला त्याच संध्याकाळी सांगितलं. दर बुधवारी पैसे तिच्या हातात देताना ते आकडा मोठ्यानं म्हणत, जणू घरात तरी ती गोष्ट उघड्यावर राहावी. पुढच्या आठवड्यात ते वाढीव पैसे परत करायला वर गेले. खंडेराव हसला. "मिस्तरी, मजुरी कमी करा म्हणणारा माणूस मी पहिलाच पाहिला. राहू द्या. तुमच्या हाताची किंमत आहे ती." महिनाभरानं ते पुन्हा गेले. तेव्हा तो हसला नाही. "तुम्ही असं केलंत तर मला वाटेल, तुम्हाला दुसऱ्या कारखान्यात जायचंय."

आळीत कुजबुज सुरू झाली, की मिस्तरी शेटच्या कानाशी लागले. किटली येई, पण मिस्तरींना हाक जात नसे. एके दिवशी आबांनी आपलं चहाचं पितळी फुलपात्र उपरण्यात गुंडाळून घरी आणलं आणि फळीवर पालथं घातलं. "तिथं आता लागत नाही," एवढंच म्हणाले.

द्वारका मुलींच्या शाळेत शिकवत असे. नवरा लग्नानंतर वर्षातच गेला. आबांनी तिला माहेरी आणलं, शिकवलं, वाचनालयाची वर्गणी स्वतःच्या मजुरीतून भरली. गिरण्यांवर, संपांवर, मालक आणि मजूर यांच्यावर लिहिलेलं तिनं पुष्कळ वाचलं होतं. त्यात कमी मजुरीनं मेलेली माणसं पानोपानी होती. वाढीव मजुरीनं झिजत चाललेला माणूस तिनं घरी पाहिला. शंभरदा तिच्या ओठांवर आलं, की आबा, घ्या की, हक्काचे आहेत. आबांचा चेहरा पाहून तिनं ते गिळलं.

माघात ताप आला आणि उतरलाच नाही. कारखान्यातून एकटा रहेमान आला, कल्हई करणारा. उशाशी बसला. टोपी हातात घेऊन फिरवत राहिला. "मिस्तरी, एक बोलायचं होतं," म्हणाला. आबांनी डोळे उघडले. रहेमाननं टोपीकडे पाहिलं, ताप किती आहे ते विचारलं, आणि उठून गेला.

---

तेरावा झाल्यावर खंडेराव घरी आला. पायातला बूट ओट्याखाली नीट काढून ठेवला. कुसाआत्या आत गेली आणि दाराच्या फटीशी उभी राहिली.

"मिस्तरींनी मला अंगाखांद्यावर खेळवलंय," तो म्हणाला. "मला वडिलांच्या जागी होते."

"हो. म्हणून विचारते. त्या दिवशी तुमच्या कारखान्यातले ठोके का थांबले नाहीत?"

"मी तर खांद्यालाच होतो, द्वारकाबाई. तुम्ही पाहिलंत. मी कुणाला ठोका म्हणून सांगितलं नव्हतं. गड्यांचं आपापसात काय असेल त्यात मी पडत नाही."

"त्यांचं जे काय होतं ते तुमच्या पाकिटापासून होतं."

"वाढवून दिलं हा गुन्हा झाला?" तो खरोखरच दुखावला होता. "मंदीचे दिवस आहेत. लोक मजुरी कापताहेत. मी वाढवली."

"त्यांनी मागितली नव्हती. परत करायला दोनदा तुमचा जिना चढले होते. तुम्ही एवढंच करा. खाली या आणि सगळ्यांसमोर हे सांगा. दुसरं मला काही नको."

खंडेरावानं मान हलवली. "तसं सांगता यायचं नाही. एकाचं सांगितलं की दहा जण विचारणार. कुणाला किती, ते माझं आणि त्याचं. मुंबईला मोठमोठ्या पेढ्यांत हीच पद्धत आहे. म्हणून तर तिथं भांडणं होत नाहीत."

"होत नसतील," द्वारका म्हणाली. "आमच्याशीही वर्षभर कुणी भांडलं नाही. कुणी आलंच नाही."

त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं आणि भिंतीतल्या देवळीत ठेवलं. दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "हे असू द्या. आळीत कुठं बोलू नका. बाकीच्यांच्या घरी एवढं देत नाही आम्ही. तुमची गोष्ट वेगळी."

तो गेल्यावर कुसाआत्या बाहेर आली. तिनं देवळीकडे पाहिलं, द्वारकेकडे पाहिलं. "चांगला आहे गं बिचारा. आपण होऊन दिलं."

"आबांनाही आपण होऊनच दिलं होतं," द्वारका म्हणाली.

---

बुधवारी दुपारी शाळा सुटल्यावर ती ते पाकीट घेऊन कारखान्यात गेली. निघताना आत्यानं अडवलं. "बायका कारखान्यात जात नाहीत. तुझी आई कधी गेली नव्हती."

"आईच्या वेळी ठोके थांबत होते, आत्या."

कारखान्यात कल्हईच्या नवसागराचा उग्र वास होता. मधे ती मोठी ऐरण. तिच्याभोवती पुंजा, नाथा, सोमा. कोपऱ्यात कल्हईच्या भट्टीपाशी रहेमान. नुकतेच सगळे वरून पाकिटं घेऊन आले होते, आणि बाजाराआधी हातातलं काम उरकत होते. आबांची बैठक रिकामी होती. तिच्यावर कुणीतरी पत्र्याच्या कातरणाचा ढीग टाकला होता.

तिला पाहून ठोके अडखळले आणि थांबले. ती सरळ आत आली, तेव्हा पुंजा उठला. पुंजा म्हणजे आबांचा जन्माचा सोबती. द्वारकेच्या लग्नात मामा नव्हता म्हणून अंतरपाटाशी तोच उभा राहिला होता.

"द्वारके, इथं कशाला आलीस? पत्र्याच्या कडा लागतील."

"लागू देत, काका."

तिनं पाकीट फाडलं आणि ऐरणीवर ओतलं. नाणी लोखंडावर वाजली. तो आवाज त्या खोलीनं वर्षभरात ऐकला नव्हता. सगळ्यांच्या माना आपसूक वळल्या.

"हे तुमच्या शेटनं दिलंय," ती म्हणाली. शाळेत धडा सांगावा तसा तिचा आवाज सपाट होता. "म्हणाले, आळीत कुठं बोलू नका. बाकीच्यांच्या घरी एवढं देत नाही आम्ही, तुमची गोष्ट वेगळी. म्हणून मी बोलायला आले. माझ्या बापानंही हेच केलं होतं. त्याबद्दल तुम्ही त्यांना वर्षभर वाळीत टाकलंत, आणि जाताना—"

कुणाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते एकमेकांकडे पाहत होते.

कोपऱ्यातून रहेमान उठला. हात फडक्याला पुसत जवळ आला. "बेटी, शेट असंच म्हणाले? 'तुमची गोष्ट वेगळी'?"

"असंच."

"आवाज बारीक करून? दरवाजाकडे बघत?"

"हो."

रहेमान हसला; त्या हसण्यात हसू नव्हतं. "मग माझी गोष्टपण वेगळीच आहे. एक बरस झालं." त्यानं कनवटीचं पाकीट काढलं आणि तिच्या नाण्यांशेजारी ओतलं. "'रहेमान, तुला बाकीच्यांपेक्षा जास्त घातलेत. खाली बोलू नको.' हे मिस्तरींना सांगायला गेलो होतो. त्यांनी डोळे उघडले नि माझी जबान गेली."

"चाचा, तुलाबी?" सोमा म्हणाला.

"'बी' म्हणजे?" नाथा त्याच्यावर उखडला. "'बी' म्हणजे काय, सोम्या?"

सोमानं आपलं पाकीट काढलं. मग नाथानं. पुंजानं सर्वांत शेवटी, खाली बघून. पैसे वेगवेगळे पडले होते, पण जुनी मजुरी ज्याची त्याची सगळ्यांना पाठ होती. याच ऐरणीवर, उघड्यावर ती वर्षानुवर्षं दिली गेली होती. वजा करायला कुणाला पाटी लागली नाही. वाढ सगळ्यांची सारखीच होती. एका आण्याचाही फरक नव्हता.

"आणि मिस्तरींची?" सोमानं हळूच विचारलं.

द्वारकेला आकडा ठाऊक होता. दर बुधवारी तिनं तो ऐकला होता. तिनं सांगितला.

तीही तेवढीच होती.

वर्षभर जो बोजा आबा वाहत होते तो मुळात नव्हताच. जे त्यांना कधी इतरांपेक्षा जास्त मिळालंच नव्हतं ते परत करायला ते दोनदा जिना चढले होते. आणि हे त्यांना कुणीही, कुठल्याही बुधवारी, एका वाक्यात सांगू शकलं असतं.

"काका," ती म्हणाली, "त्यांनी मागून घेतलं, असं तुम्हाला खरंच वाटलं होतं?"

पुंजा म्हणाला, "नाय. कोंडाजी मागणारा नव्हता. आळीतल्या कुत्र्यालाबी ठाऊक होतं ते."

"मग?"

"त्यानं इथं ओतलं ना, द्वारके. ओतलं, नि विचारलं, तुम्हाला किती. तेव्हाच बोललो असतो तर तिथंच मिटलं असतं. नाय बोललो. दुसऱ्या बुधवारी बोलायचं, तर पहिल्या बुधवारी का गप बसलो ते सांगावं लागलं असतं. मग तो समोर आला, की आपलीच कनवट जड लागायची." त्यानं हातोडीचा दांडा अंगठ्यानं घासला. "शेटवर रागवायचं तर चूल जाते. कोंडाजीवर रागवायला काय पडत होतं? लय सोपं होतं ते."

"आणि ठोके?"

"पहिला कोण थांबतो, ते बघत होतो सगळे. जो थांबला असता त्याला बोलावं लागलं असतं. म्हणून जोरात ठोकत होतो."

"बघत होतात." तिचा आवाज वर गेला नाही. "काका, खांद्यावर माणूस असला म्हणजे लोक फार सावकाश चालतात. या दारापुढून जायला त्यांना पुष्कळ वेळ लागला असेल. एवढ्या वेळात तुम्हा चौघांत एकालाही हातोडी खाली ठेवता आली नाही. मी आतापर्यंत समजत होते, तुम्ही फसलात म्हणून असे वागलात. फसलेल्या माणसाला मी क्षमा केली असती."

पुंजानं मान वर केली नाही. नाथाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ते पाणी पाहून तिला बरं वाटायला नको होतं.

जिन्यावर बूट वाजले. खंडेराव अर्ध्यावर येऊन थांबला. "ठोके का बंद? काय चाललंय?" मग त्याला ऐरण दिसली, फाटकी पाकिटं दिसली. तो पायरीवरच उभा राहिला. "द्वारकाबाई, मी तुम्हाला विश्वासानं दिलं होतं."

"तुम्ही सगळ्यांनाच विश्वासानं दिलंत," द्वारका म्हणाली.

"मी कुणाचं वाईट केलं? एकेकाला वाटावं, शेटचं आपल्यावर विशेष लक्ष आहे. त्यानं माणूस मन लावून काम करतो. एवढाच हेतू होता माझा."

"करत होते ना. त्या दिवशी सगळ्या आळीत फक्त इथंच काम चालू होतं."

खंडेरावाचा चेहरा तांबडा झाला. तो गड्यांकडे वळला. "चला. संध्याकाळी गडू द्यायचेत, यात्रेकरू खोळंबलेत. हे सगळं मागाहून बोलू."

कुणी हललं नाही. पुंजानं हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली. "जरा थांबायला लागंल, शेट. तिरडी जायचीय."

"कुणाची?"

"मिस्तरींची. तेव्हा आम्ही मान वर केली नाय."

पुंजा पुढे होऊन आबांच्या बैठकीवरचं कातरण हातानं बाजूला करू लागला. कडा लागत होत्या, तरी हळू करीना. द्वारकेनं त्याला थांबवलं नाही, की मदतही केली नाही. देवळीत ठेवलेले ते पैसे ऐरणीवरच सोडून ती बाहेर पडली. तिच्यामागे चौघे दारात येऊन उभे राहिले. कल्हईच्या भट्टीवरचं रहेमानचं भांडं करपत होतं. त्याचा वास रस्त्यापर्यंत आला.

ती आळीतून चालू लागली. खांद्यावर माणूस असल्यासारखी, सावकाश. बाकीच्या कारखान्यांतले ठोके चालू होते. त्यांनी त्यांचं देणं त्याच दिवशी दिलं होतं, त्यांच्याकडून तिला काही नको होतं. पण लहानपणापासून ज्या आवाजात ती झोपली आणि उठली, त्यातला एक आवाज आता नव्हता, आणि तेवढी रिकामी जागा तिला पाठीमागे स्पष्ट ऐकू येत होती. जी शांतता तिला हवी होती ती ही होती. ती उशिरा आली होती, आणि ज्याच्यासाठी यायची तो माणूस आता गंगेच्या पाण्यात मिसळून गेला होता.

वळणावर लंकाबाई पाणपोईच्या रांजणाशी बसल्या होत्या. त्यांनी आळीत लांबवर पाहिलं: दारात ओळीनं उभे असलेले ते चौघे, आणि त्यांच्यामागे उंबऱ्यात, काय करावं न कळून उभा असलेला शेट. मग त्यांनी द्वारकेकडे पाहिलं. ओगराळं बुडवून वर काढलं. द्वारकेनं ओंजळ धरली आणि पाणी प्यायली.

"वळ की आता, पोरी," लंकाबाई म्हणाल्या. "तू वळल्याबिगर हातोडी उचलायची नाय ती माणसं. शेटचं काम खोळंबलंय."

"खोळंबू दे," द्वारका म्हणाली. पदरानं तोंड पुसलं, आणि ओंजळ पुन्हा पुढे केली.